पहिली शेगडी पंचफुलाची

माणूस मेलं की त्याच्याबद्दल गोड बोलायची रीत आहे. मले ते जमत नाही. पंचफुला माझी धाकटी जाऊ. एका अंगणात आमचा जन्म गेला, आन् त्यातला अर्धा भांडण्यात गेला. कोंबड्यांवरून भांडलो, दोरीवर कोणाचं लुगडं वाळत घालायचं त्याच्यावरून भांडलो, पोरांनी एकमेकांच्या झिंज्या ओढल्या त्याच्यावरून तर उन्हाळाभर बोलणं बंद होतं. तोंडाची फटकळ बाई. पण कोळशाच्या बाबतीत तिच्याइतकी सच्ची बाई केनवडच्या बाजारात दुसरी नव्हती. मी जे सांगणार आहे ते त्या कोळशाचंच आहे.

आमचं गाव केनवडच्या आतल्या अंगाले. नाल्याकाठी वेडी बाभूळ नुसती माजलेली. पंचफुला आन् तिचा मालक भिवाजी ती तोडत, खड्ड्यात रचत, पेटवत आन् वरून पाला टाकून ओल्या मातीनं लिंपून घेत. मंग भिवाजी झोपायले मोकळा, आन् पंचफुला भट्टीपाशी राखण. धूर पांढरा आहे तोवर लाकूड कच्चं. निळसर पडला की कोळसा झाला, मंग सगळी भोकं बुजवून टाकायची. एक भोक राह्यलं आन् हवा शिरली तर आतल्या मालाची राख. ती भट्टीपाशी असली की कोणाशी बोलत नसे, आन् मी मुद्दाम जाऊन तिच्याशी बोलत असे. मजा यायची तिले चिडवायले.

तिचा एक नेम होता. भट्टी फोडली की पहिली शेगडी तिच्या घरात पेटायची. सैपाकखोलीचं कवाड लावून ती शेगडीपाशी बसायची, कोळसे चांगले लाल होऊन राख धरेपर्यंत. डोकं दुखलं, डोळ्यात पाणी आलं, तर कोळसा कच्चा, तो इस्त्रीवाल्याले. काही नाही झालं तर माल पक्का. मी म्हणायची, अवं बह्याड, एक दिवस तिथंच आडवी होशीन. ती म्हणायची, ज्याच्या घरात माझा कोळसा जाईन त्याच्या आधी माझ्या घरात जळला पाह्यजे.

याले कारण होतं. तिचा कोळसा जास्त करून बाळंतिणीच्या खोलीत जायचा. आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, वरून ओवा आन् वावडिंग टाकतात, आन् मायलेकराले शेक देतात. गोवऱ्या धुपतात, लाकूड धुपते. पंचफुलाचा कोळसा धुपत नसे. आसेगावपर्यंतच्या बाया दिवस भरत आले की तिच्याकडं निरोप धाडायच्या. मी अंगणवाडीत मदतनीस होती, मले प्रशिक्षणात सांगतलं होतं की बंद खोलीत शेगडी ठेवू देऊ नका, लेकरू गुदमरते. मी घरोघर तेच सांगत फिरायची, आन् माझीच जाऊ घरोघर कोळसा पोचवत फिरायची. शेवटी आमचं एवढ्यावर जमलं की शेगडी ठेवा, पण कवाड उलसक, बोटभर तरी, उघडं ठेवा.

आता गावाच्या पाण्याचं सांगते. शाळेच्या मागं एक कारखाना होता, फवारणी पंपाचे सुटे भाग बनवायचा. पितळेचे नोझल, वॉशर असलं. तेलानं माखलेले भाग एका औषधात धुवायचे. दिसायले पाण्यासारखं, वासाले गोड. धुऊन मळलं की मागच्या खड्ड्यात ओतायचे. कारखाना बंद पडला, मालक कुठं गेला कोणाले ठाऊक नाही. औषध मात्र गेलं नाही. ते पाण्यापेक्षा जड, खाली खाली उतरत गेलं, आन् बरसातीमागून बरसाती गेल्यावर शाळेजवळच्या बोअरच्या पाण्याले गोड वास येऊ लागला. पोट्टे म्हणत, आमच्या बोअरले सरबत लागलं. काही दिवस आमी सगळेच हसलो. मंग तपासणीवाले आले आन् बोअरच्या दांड्याले साखळी घालून गेले.

त्यांच्या मागोमाग मंजुषा मॅडम आली. मॅडम म्हणजे आपल्या वाशिमचीच पोरगी, नागपूरले संशोधन करत होती. चपला हातात घेऊन चिखलातून चालायची, कोणाच्याही घरी भाकर खायची. तिनं समाजमंदिरात सगळ्यांले बसवून समजावलं. कारखान्याच्या खड्ड्यातून विष बोअरकडं सरकून राह्यलं. त्याच्या वाटेत खोल खड्डे घेऊन त्यात कोळसा भरायचा. कोळसा ते विष धरून ठेवते. मंग त्या कोळशात जिवाणू सोडायचे, डोळ्याले न दिसणारे, ज्यांले हवा चालत नाही. ते कोळशाच्या भोकाभोकात घर करतात आन् धरलेलं विष खातात. कोणीतरी विचारलं, जिवाणू म्हणजे काय सोडता? मॅडम म्हणाली, दुधात विरजण सोडता ना, तसंच. विरजण दुधाचं दही करते, आमचं विरजण विषाचं काहीच उरू देत नाही.

पंचफुला पुढंच बसलेली होती. विरजण म्हटल्यावर तिची मान डोलली. बाकी सगळं आमच्या डोक्यावरून गेलं होतं, हे समजलं.

कोळसा तिचाच घेतला. मॅडमनं भट्टी पाहून सांगतलं की असाच पाह्यजे, भोकदार आन् हलका. पंचफुलाचे पाय जमिनीले लागत नव्हते. तिनं तवा जी भट्टी लावली तशी जन्मात लावली नव्हती. कोळसा काढला तर काचेसारखा वाजत होता. एक टोपलंही घरी ठेवलं नाही तिनं, सगळा खड्ड्यात गेला. वरून मॅडमनं डब्यातलं काळं पाणी सोडलं, ते तिचं विरजण. मातीनं तोंड बंद केलं. हे पोळ्याच्या सुमाराले झालं.

दिवाळी झाल्यावर पहिला खड्डा उघडला. आधी एकच उघडून पाहायचा, साधलं तर बाकीचे चालू ठेवायचे, असं ठरलेलं होतं. मॅडमनं सगळ्यांले हातमोजे घालायले लावले, तोंडाले जाड मास्क. पंचफुला हसली, म्हणे माझ्याच कोळशाले मी तोंड लपवू का? पण घातला. कोळसा काढून आतून प्लास्टिक लावलेल्या गोण्यांत भरला, गोण्यांची तोंडं शिवली, आन् कारखान्याच्या पडक्या शेडमधे रचून त्यावर पिवळी ताडपत्री टाकली. मॅडमनं चार वेळा बजावलं की तपासणी येईस्तोवर कोणी हात लावायचा नाही, आन् नंतरही नाही, गाडी येऊन घेऊन जाईल. डोक्याच्या कवटीचं चित्र लावलेली पाटीही ठोकली. ती नमुने घेऊन गेली. गाडी काही आली नाही. आज येते, उद्या येते, करता करता थंडी पडली.

आन् पंचफुलाची लेक निकिता बाळंतपणाले आली.

पहिलं बाळंतपण, माहेरीच होणार. पंचफुलानं मनात सगळं मांडून ठेवलं होतं. दिवस भरायच्या आधी नवी भट्टी लावायची, लेकीच्या बाजेखाली स्वतःच्या हातचा कोळसा ठेवायचा. पण अवकाळी आला आन् तोडून ठेवलेली बाभूळ सगळी भिजली, भट्टीच्या खड्ड्यात पाणी साचलं. निकिताही दिवस भरायले थांबली नाही. तालुक्याच्या दवाखान्यात पोरगी झाली, लहानशी, वजनानं कमी. डॉक्टरांनी सांगतलं, ऊब ठेवा. मायलेकी घरी आल्या तवा बाहेर अशी गार हवा होती की मी सोताच दोन चादरी घेऊन बसली होती.

पंचफुलानं काय केलं ते मले मागून समजलं, पण तुमाले आत्ताच सांगते. ती शेडमधे गेली, ताडपत्री उचलली, एका गोणीची शिवण उसवली आन् टोपलंभर कोळसा घेऊन आली. चोरून नाही, दिवसाढवळ्या. तिच्या मनात चोरीचं काहीच नव्हतं. तिचा कोळसा होता, जन्मातला सगळ्यात चांगला, आन् तिची नात थंडीनं निळी पडून राह्यली होती. विषाचं काय, तर विष जिवाणूंनी खाल्लं. विरजण लावलेलं दूध सकाळी दही होते, या विरजणाले तर पोळ्यापासून दिवाळी उलटेस्तोवर वेळ मिळाला होता. तपासणी म्हणजे कागदाचं काम, ते सरकारात होतच राहते. आन् उरलंसुरलं काही असलंच तर आगीत काय टिकते? असा तिचा सरळ हिशेब होता. आमच्या गावातल्या कोण्याही बाईनं हाच केला असता.

तरी तिनं नेम मोडला नाही. कोळसा उन्हात घातला, आन् दुसऱ्या दिवशी सकाळी सैपाकखोलीचं कवाड लावून पहिली शेगडी पेटवली.

मी मेथीचे लाडू घेऊन गेली तवा ती आतच होती. अंगणात उभी राहून मी हाक मारली, आन् मले वास आला. ओला कडबा कुजल्यावर येते ना, तसा. मले वाटलं कोणाचा कडबा भिजला अवकाळीत. पण आमच्या दोघींच्या घरी ना गाय ना बैल, कडबा येईल कुठून? माझ्या मनात काहीतरी खटकलं. पण तेवढ्यात कवाड उघडून पंचफुला बाहेर आली, पदरानं डोळे पुसत. घसा खाकरला. तोंडावर हे मोठं हसू. म्हणाली, धूर नावाले नाही, डोकं दुखलं नाही, उलसक घसा चरचरला, तो थंडीनं असन. मी वासाचं विचारलं. तिले बी आला होता, पण ती म्हणे, बुरशी असन, जळून गेली. कोळसा कुठला म्हटलं, तर म्हणे माझ्याच हातचा हाय, दुसऱ्या कोणाचा राहीन? मी लाडू दिले आन् घरी गेली.

इतकी वर्षं जो कोळसा तिच्या नेमातून पास होई तो खरंच पास असे, कारण कच्च्या कोळशाचं दुखणं तिथल्या तिथं समजते. या कोळशाचं विष तसं नव्हतं. ते आत जाऊन गपचूप बसते आन् दिवस कलल्यावर उठते. हे तिले कुठून माहीत राहणार? तिनं शेगडी रिकामी करून नवे कोळसे रचले, वर ओवा आन् वावडिंगाची पुडी ठेवली, आन् निकिताले सांगतलं की ऊन उतरलं की पेटवून बाजेखाली सरकव.

दुपारी ती ओट्यावर बाळाचे दुपटे धूत बसली होती. खोकला आला. मंग थांबेना. मी भिंतीपलीकडून ओरडली की पाणी पी. उत्तर आलं नाही म्हणून पाह्यलं तर ती दुपट्यांवर वाकलेली, ओठ जांभळे, आन् छातीतून असा आवाज की हुक्का गुडगुडून राह्यला. भिवाजीनं शेजारची जीप आणली. मी तिले मांडीवर घेऊन मागं बसली. गावाबाहेर नाल्याच्या पुलावर जीप आली तवा तिनं माझं मनगट धरलं. तोंडातून फेस येत होता, त्याले लाली होती.

"बाई, शेगडी," ती म्हणाली. "बाजेखाली ठेवू देऊ नोको."

"काहून?"

"खड्ड्यातला कोळसा हाय तो. मले लागली पहिली शेगडी."

मी जीप थांबवली. भिवाजीनं माझ्या फोनवरून निकिताले फोन लावला, तर तो जीपमधेच वाजला, गडबडीत त्यानं सोताचा समजून तिचाच फोन उचलून आणला होता. जीप पुढं दवाखान्याकडं धाडली, आन् मी उतरून पळाली. या वयात मी पळाली, लुगडं हातात धरून, पुलापासून घरापर्यंत. उन्हं उतरलेली होती. मले सगळ्यात जास्त भीती त्या उन्हाची वाटत होती, कारण निकिता आईच्या शब्दाबाहेर नव्हती.

अंगणात पाय ठेवला आन् तोच वास आला, ओल्या कुजक्या कडब्याचा.

निकितानं शेगडी पेटवून बाजेखाली ठेवली होती. आई दवाखान्यात गेली, निदान आईनं सांगतलेलं काम तरी करू, एवढाच तिचा विचार. पण कवाड मात्र उलसक उघडं होतं. मी इतकी वर्षं घसा फोडून सांगतलेलं तिच्या ध्यानात होतं. मी शेगडीले लाथ मारून अंगणात लोटली, पाय भाजला तो मले रात्री समजला. पोरीले पदरात गुंडाळली, निकिताले ओढत बाहेर काढली. पोरगी रडत होती. तिच्या रडण्यानं इतकं बरं मले कधीच वाटलं नव्हतं. सोयाबीन घेऊन चाललेला एक ऑटो मी आडवी होऊन थांबवला आन् तिघी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी पोरीले तपासलं, निकिताले तपासलं. दोघी ठीक होत्या. मी मंजुषा मॅडमले फोन लावून सगळं सांगतलं. मंग ती म्हणाली, डॉक्टरांकडं फोन द्या. त्यांचं बोलणं झालं, आन् डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, आज ठीक दिसतात याले काही अर्थ नाही. उद्या सकाळपर्यंत दोघींले इथून हलवायचं नाही.

पुढचं आधी सांगून टाकते, नाही तर तुमचा जीव टांगलेला राहीन. नात वाचली. निकिता वाचली. उघड्या कवाडानं वाचवलं, दुसरं काही नाही. पोरीच्या छातीत अजून घरघर होते, बदलत्या हवेत जास्त. डॉक्टर म्हणतात निघून जाईल. मी रोज सकाळी तिच्या पाठीले कान लावते.

मंजुषा मॅडम आली ती सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी तिले एकच विचारलं, तुमच्या जिवाणूंनी खाल्लं होतं का नाही? ती म्हणाली, अर्धं खाल्लं होतं. खड्ड्याच्या तोंडाची माती दिवाळीच्या आधीच भेगाळली होती, आत हवा शिरली, जिवाणू मेले, आन् उरलेलं विष कोळशात तसंच अडकून राह्यलं. आगीत ते जळून जात नाही, त्याचा दुसराच जहरी वायू होते, कुजक्या कडब्याच्या वासाचा. तपासणी तिच्या हातात आलेली होती, ती सांगायले येणारच होती. ती रडली. मले तिचा राग आला आन् कीवही आली, दोन्ही एकदमच. जे विरजण पुरतं लागलंच नाही ते लागलं असं गावाले वाटू देणारी तीच, आन् पाटी ठोकून चार वेळा बजावणारीही तीच. मी तिले चहा दिला. दुसरं काय करणार होती मी?

मंग ती शेडमधे गोण्या पाहायले गेली, मी बी सोबत गेली. पंचफुलानं उसवलेली गोण वरच होती, टोपलंभर कमी. पण तिच्या मागं आणखी एक गोण होती, तिचं पोट विळ्यानं फाडलेलं, आन् ती पार रिकामी. पंचफुला कधी असं फाडत नसे, ती शिवण उसवत असे. कोणी नेला, कुठं नेला, काही पत्ता लागला नाही. दवंडी दिली, शाळेत सांगतलं, कोणी पुढं आलं नाही. बाकी गोण्या आता गाडी येऊन घेऊन गेली. बाकीचे खड्डे मॅडमनं पुन्हा लिंपून बंद केले आहेत, त्यात नवीन विरजण सोडलं आहे, आन् ती म्हणते या वेळी लागलं. बोअरची साखळी अजून निघाली नाही. मी केनवडच्या बाजारात गेली की भुईमूग भाजणाऱ्याच्या शेगडीपाशी थांबते आन् वास घेते. लोकांले वाटते म्हातारीले शेंगा पाह्यजेत.

यातलं काही पंचफुलाले कळलं नाही. त्या दिवशी संध्याकाळीच दवाखान्यातल्यांनी मले तिच्यापाशी जाऊ दिलं होतं. तोंडाले ऑक्सिजनची नळी लावलेली, डोळे उघडे. तिनं हाताचा पाळणा करून हलवला. पोरगी कशी आहे, असं विचारत होती. मी म्हटलं, बरी आहे, निकिताही बरी आहे, दोघी बाहेरच आहेत, पोरगी दूध पिऊन राह्यली. हे सगळं खरं होतं. शेगडीचं मी बोलली नाही. तिनं माझा पदर धरला, ज्यात मी पोरीले गुंडाळून आणलं होतं. तोंडावरची नळी बाजूले केली आन् पदर नाकाशी नेला. कुजक्या कडब्याचा वास अजून त्यात होता.

मंग तिनं माझ्याकडं पाह्यलं.

"मी बी सकाळी बरीच होती, बाई," ती म्हणाली.

मी तिले सांगत होती, कवाड उघडं होतं, वेळ झाला नव्हता, डॉक्टर आहेत. ती ऐकत नव्हती. भट्टीपाशी बसायची तशी ती दाराकडं पाहत राह्यली, आन् पहाट व्हायच्या आत गेली.